पुणे–कन्याकुमारी सायकलने : मोहिमेतला एक दिवस कसा पार पाडायचा

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा लागला की पुणे, नाशिक, ठाणे, डोंबिवली, कोल्हापूर अशा ठिकाणांहून दहा-पंधरा जणांचे सायकलगट कन्याकुमारीची वाट धरतात. पुण्यापासून अंतर साधारण दीड हजार किलोमीटर. बंगळुरूपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ४८, तिथून पुढे ४४. रोज ११० ते १३० किलोमीटर धरले तर १२-१३ दिवस लागतात. मुंबईकरांना एक गोष्ट आधीच सांगतो. मुंबई–पुणे एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदी आहे, त्यामुळे पुण्यापर्यंत जुन्या महामार्गानेच या.

पहिल्यांदा जाणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो: ‘एवढं रोज जमेल का मला?’ दर रविवारी शंभरेक किलोमीटर करून सोमवारी कामावर धडधाकट जाणाऱ्याला जमतं. पाय तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपोआप रुळतात. मोहीम फसते ती घड्याळापुढे. त्यामुळे एक नेहमीचा दिवस कसा आखायचा आणि कसा काढायचा, तेवढंच इथे सांगतो. उदाहरणाला चित्रदुर्ग ते तुमकुरू हा टप्पा घेतो. सुमारे १३० किलोमीटर, वाटेत हिरियूर आणि शिरा ही दोन मोठी गावं, घाट नाही, नुसते लांबलचक चढउतार.

आधी हिशेब

मोकळ्या महामार्गावर नवखा गट ताशी १८ किलोमीटरने जातो. म्हणजे १३० किलोमीटरला सव्वासात तास निव्वळ पेडल मारणं. डिसेंबरअखेर या भागात सकाळी सव्वासहाला दिसायला लागतं आणि सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. हातात आले पावणेबारा तास. नाश्ता पाऊण तास, जेवण सव्वा तास, पंधरा मिनिटांचे चार थांबे म्हणजे एक तास, आणि दोन पंक्चर धरा, अर्धा-अर्धा तास. झाले चार तास. उरला अर्धा तास. तोही कुणाची तरी चेन अडकण्यात किंवा कुणाचा गॉगल मागच्या हॉटेलात विसरण्यात जातो.

हा हिशेब कागदावर मांडला की कळतं, ताशी १८ ऐवजी २० ने हाणून पाऊण तास वाचतो, पण बारा जणांचा ‘पाच मिनिटांचा चहा’ पंचवीस मिनिटांचा झाला की दोन थांब्यांत तो संपतो. दिवस थांब्यांवर हातातून जातो. गटात वेगाची शेखी मिरवणारे पुष्कळ भेटतील. त्यापेक्षा ‘चला, उठा’ म्हणणारा एक खमका माणूस शोधा आणि त्याला थांब्याचा मुकादम करा.

आदल्या रात्री

उद्याचे कपडे, मोजे, हातमोजे, हेल्मेट एका पिशवीत काढून ठेवा. बाटल्या भरा. मागचा लाल दिवा आणि फोन चार्जिंगला लावा. लॉजच्या माणसाला विचारून ठेवा की सकाळी साडेपाचला शटर कोण उघडणार. हे विचारायचं राहिलं तर अख्खा गट सायकली धरून जिन्याखाली उभा राहतो आणि रात्रपाळीचा पोऱ्या मात्र गाढ झोपेत असतो. छोट्या लॉजमध्ये गरम पाणी बहुधा सहानंतरच येतं, म्हणून आंघोळ संध्याकाळी पोचल्यावर उरका. सकाळी एका खोलीत तीन माणसं आणि एक संडास असतो. उठायची वेळ त्या हिशेबाने पाऊण-पाऊण तास पुढे-मागे ठेवा. ऐकायला हसू येतं, पण उशिरा निघण्याचं हे पहिल्या नंबरचं कारण आहे.

निघताना

सायकलीवर बसण्याआधी तीन गोष्टी हाताने पाहा. टायर अंगठ्याने दाबा, दगडासारखा लागला पाहिजे. किती हवा भरायची ते टायरच्या कडेला लिहिलेलं असतं. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. चाकांच्या क्विक रिलीजच्या, म्हणजे अवजाराशिवाय चाक काढायच्या, खिट्ट्या घट्ट आहेत का बघा, विशेषतः रात्री सायकली गाडीवर किंवा एकमेकींवर रेलून ठेवल्या असतील तर.

मग गटाची रचना. सगळ्यात पुढे रस्ता माहीत असलेला एक जण आणि सगळ्यात मागे एक जाणता, ज्याच्याकडे पंप, अवजारं आणि संयम असेल. मागचा माणूस कुणालाही मागे टाकून पुढे जात नाही. हे काम रोज वेगळ्याकडे द्या, नाहीतर त्या बिचाऱ्याची मोहीम सगळा वेळ दुसऱ्याची पाठ बघण्यात जाते. मधले लोक तिघा-चौघांच्या तुकड्यांत. बारा सायकली एका रांगेत गेल्या की मागून येणाऱ्या बसला ती रांग संपेल कुठे याचा अंदाज येत नाही.

दर २०-२५ किलोमीटरवर सगळ्यांनी एकत्र यायचं, आणि जागा आधी ठरवायची: ‘हिरियूरच्या अलीकडचा पेट्रोल पंप’ असं स्पष्ट, ‘पुढे कुठेतरी’ असं नाही. जिथे फाटा फुटतो तिथे पुढच्याने थांबायचं, आणि मागचा नजरेला पडल्यावरच वळायचं. फोनवर लोकेशन शेअर करणं चांगलं, पण रेंज आणि बॅटरी दोन्ही नेमक्या वेळी जातात. हळू चालवणाऱ्यांना वीस मिनिटं आधी सोडा. त्यांना आपण सगळ्यांना खोळंबून ठेवतोय असं वाटत नाही, आणि मागून येणाऱ्या दांडग्यांना पाठलागाची मजा मिळते.

महामार्गावर

कडेच्या पांढऱ्या रेघेच्या डावीकडे जो पट्टा मिळतो, तो आपला. तिथे वाळू, काचा, दगड असतात, आणि समोरून उलट्या दिशेने मोटारसायकलीही येतात. अशी गाडी दिसली की आपली रेघ सोडून उजवीकडे झुकू नका. वेग कमी करा, हात वर करा, वेळ पडली तर थांबा. तुमच्या मागे काय येतंय ते त्या गाडीवाल्याला दिसतं, तुम्हाला नाही.

सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे सर्व्हिस रोडची तोंडं. महामार्गावरचा ट्रक डावीकडे उतरतो तो नेमका तुमच्या रेघेवरून. तिथे मान वळवून मागे बघायची सवय लावा, आरसा असला तरी. गाव आलं की उड्डाणपुलावरून जायचं की खालून, हे पुढच्याने आधीच ठरवावं. खायचं-प्यायचं असेल तर खालून. नसेल तर वरून, पण पुलावर थांबायचं नाही, फोटोलासुद्धा.

पुढच्याने ओरडून सांगायचं आणि मागच्याने ते पुढे पोचवायचं: ‘खड्डा!’, ‘काच!’, ‘गाडी!’ हाताच्या खुणा नंतर जमतात, आवाज पहिल्या दिवसापासून जमतो. दोन सायकलींत निदान एका सायकलीएवढं अंतर ठेवा. तुमचं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही आणू नका. चाकाला चाक घासलं तर पुढच्याला कळतही नाही. पडतो तो मागचा.

चित्रदुर्गाहून रस्ता आग्नेयेकडे जातो आणि डिसेंबरात वारा बहुतेक पूर्व-ईशान्येचा. म्हणजे दहानंतर तो डाव्या अंगाला, मधूनच तोंडावर. चित्रदुर्गाच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उगाच लावलेल्या नाहीत. अशा वाऱ्यात आडोसा मिळतो तो पुढच्याच्या मागे थोडं उजवीकडे, म्हणजे ट्रकच्या लेनमध्ये. तो मोह टाळा. एकामागे एक राहा, दर दहा मिनिटांनी पुढचा बदला आणि गिअर हलका ठेवून पाय जास्त वेळा फिरवा. जड गिअरवर दात-ओठ खाऊन रेटलं की दोन दिवसांनी गुडघा बोलायला लागतो.

टोलनाके आपल्या उपयोगाचे. सायकलला टोल नाही, डाव्या टोकाने निघून जायचं. शिवाय तिथे स्वच्छतागृह आणि बहुधा पाणी मिळतं. पेट्रोल पंपांवरही पाणी, हवा आणि स्वच्छतागृह विनामूल्य द्यावं लागतं. गटात बायका असतील तर थांबे टोलनाके आणि मोठे पंप बघूनच आखा; ‘कुठेही थांबू’ हे पुरुषांचं नियोजन झालं. राष्ट्रीय महामार्गावर अपघात किंवा अडचण आली तर १०३३ या नंबरवर मदत मिळते. तो आणि ११२ असे दोन्ही नंबर हँडलजवळ चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

पंक्चर

होणारच. आणि कारण बहुतेक वेळा एकच: ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली बारीक पोलादी तार. महामार्गाच्या कडेला काळे रबरी तुकडे पडलेले दिसतात ना, त्यांतल्या या तारा विखुरतात. केसाहून थोडी जाड, अर्धा सेंटिमीटर लांब, बाहेरून दिसत नाही. नवा माणूस ट्यूब बदलतो, दहा किलोमीटरवर टायर पुन्हा बसतो. ट्यूब नवी, तार तीच.

म्हणून क्रम असा. पहिलं, रस्त्यापासून दूर व्हा. कडेला लोखंडी कठडा असेल तर त्याच्या पलीकडे. मागचा दिवा चालू राहू द्या. ज्याचं पंक्चर तो आणि मागचा जाणता एवढे दोघेच थांबतील, बाकीच्यांनी पुढच्या ठरलेल्या जागी जाऊन चहा सांगावा. बारा जण गोल करून उभे राहिले तर पंक्चर लवकर निघत नाही, सल्ले मात्र बारा मिळतात.

मागचं चाक असेल तर काढण्याआधी चेन सगळ्यात लहान चकतीवर आणा. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नका, पॅड चिकटून बसतात. टायरची एकच बाजू रिमबाहेर काढा आणि ट्यूब ओढून घ्या. इथे एक युक्ती आहे, ती घरीच लावून या. टायर बसवताना त्यावरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्वच्या समोर ठेवायचं. मग ट्यूबमध्ये हवा भरून भोक कुठे आहे ते ऐकलं किंवा ओठाजवळ धरून पाहिलं की व्हॉल्वपासून तेवढंच अंतर टायरवर मोजायचं. तार तिथेच असते. आतून बोट फिरवू नका, रक्त काढते. सुती रुमाल फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे थांबा. नखाने निघत नाही, त्यासाठी भुवयांचा चिमटा किंवा नेलकटर जवळ हवा. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं असतील तर तार शोधू नका: हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली.

रस्त्यावर पॅच लावत बसू नका, नवी ट्यूब घाला. जुनीला रात्री लॉजवर निवांत पॅच लावता येतो. नव्या ट्यूबमध्ये दोन-तीन पंप हवा भरून, तिला आकार आला की मगच आत बसवा. टायरची शेवटची कड अंगठ्यांनीच ढकला. लिव्हर, म्हणजे टायर काढायची पट्टी, लावली की नवी ट्यूबही चिमटते, आणि हे नेमकं घाईत होतं.

प्रत्येकाने आपल्या मापाच्या दोन ट्यूब जवळ ठेवायच्या. हायवेच्या गावांत साध्या सायकलीच्या ट्यूब मिळतात, रोड आणि हायब्रिड सायकलींच्या ७०० सी मापाच्या मिळतीलच असं नाही. बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व असेल तर त्यावर चढवायची पितळी टोपी घ्या, तिच्याशिवाय पेट्रोल पंपावरची हवा भरता येत नाही. आणि तिथे हवा भरताना कॉम्प्रेसरची नळी स्वतःच्या हातात घ्या, टायर दर क्षणी चाचपत राहा. ट्रकला हवा भरणाऱ्या दादांना सायकलचा अंदाज नसतो.

खाणं-पिणं

निघताना एक केळं आणि दोन खजूर, बस. खरा नाश्ता ३०-४० किलोमीटरवर, म्हणजे या टप्प्यात हिरियूरला. कर्नाटकात सकाळी इडली, वडा, सेट डोसा, खाराभात लवकर तयार असतो, पोहे-मिसळीची वाट बघू नका. तेलकट वडे दोनच. बारा जणांनी बारा प्रकार सांगितले की पाऊण तास तिथेच गेला. मुकादमाने आत शिरताच ‘इडली बारा प्लेट’ सांगून टाकावं, नंतर ज्याला जे हवं ते.

दुपारचं जेवण म्हणजे भाताचा डोंगर, आणि वाढणारा प्रेमाने वाढतच राहतो. पुढे तमिळनाडूत केळीच्या पानावर तर हात आडवा धरावा लागतो. अर्धपोटी उठा. पोटभर भातानंतरचे पहिले पंधरा किलोमीटर पेंगतच जातात, आणि महामार्गावर पेंगणं परवडत नाही. कमी पडलं तर तासाभराने राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की. शिरा-तुमकुरू पट्टा नारळाचा आहे; शहाळी विकणारे रस्त्याला लागूनच बसतात.

पाणी तहान लागण्याआधी प्या, दर पंधरा मिनिटांनी तीन-चार घोट. ऊन चढल्यावर एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर एकच लिटर. ‘जास्त ताकद’ म्हणून अर्ध्या लिटरमध्ये अख्खं पाकीट ओतणारे महाभाग प्रत्येक गटात असतात, आणि त्यांचंच पोट बिघडतं. पोटरीत गोळे यायला लागले, लघवी गडद पिवळी झाली, डोकं जड झालं तर सावलीत बसा. घाम यायचा थांबला किंवा बोलणं विसंगत व्हायला लागलं तर सायकल तिथेच सोडून दवाखाना गाठा, किलोमीटर मोजू नका.

चहाच्या प्रत्येक टपरीवर तुम्हाला विचारणार, ‘एल्लिंद?’ कुठून आलात? ‘पुणे’ म्हटलं की डोळे विस्फारतात, फोटो होतात, कुणी चहाचे पैसे घेत नाही. याला वेळ द्या. पण सगळ्यांनी नको, गटातल्या बोलघेवड्याला पुढे करा. धारवाड मागे पडलं की मराठी संपते आणि हिंदीही पातळ होत जाते. तमिळनाडूत खुणा, आकडे आणि थोडं इंग्रजी यावर भागतं. मुक्कामाच्या लॉजचं नाव-पत्ता ऑफलाइन नकाशात आधीच खूण करून ठेवा.

दुपारनंतर

नव्वदाव्या किलोमीटरच्या आसपास कुणीतरी गप्प होतं. मघापासून विनोद करणारा माणूस उत्तरं एका शब्दात द्यायला लागला की समजा, त्याची साखर संपली. त्याला ‘होईल रे’ म्हणू नका, थांबवून गूळ-शेंगदाणे खायला घाला आणि वीस मिनिटांनी पुन्हा बघा. तरी जमेना तर सपोर्ट गाडीत बसवा. गाडी नसेल तर पुढच्या गावापर्यंत छोटा हत्ती मिळतो, दोन सायकली आणि दोन माणसं सहज मावतात. ‘एकही किलोमीटर सोडणार नाही’ हा हट्ट ज्याचा त्याने एकट्याच्या मोहिमेत करावा. गटात एकाच्या हट्टापायी बारा जण अंधारात महामार्गावर येतात.

आता बैठकीचा विषय, ज्यावर सगळे लाजतात आणि तिसऱ्या दिवशी सगळे त्याच्यावरच बोलतात. पॅडच्या शॉर्ट्सखाली अंतर्वस्त्र घालायचं नसतं, शिवणी घासतात. निघण्यापूर्वी जांघेत व्हॅसलीन चोळा, दुपारी पुन्हा. दर वीस मिनिटांनी पेडलवर उभं राहून अर्धा मिनिट सायकल चालवा. मुक्कामी पोचताच शॉर्ट्स बदला. ओल्या शॉर्ट्समध्ये चहा पीत बसणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुरळ उठतं. करंगळी बधिर होत असेल तर हँडलवरची पकड सतत बदला आणि कोपर सैल ठेवा.

घाट असलेल्या टप्प्यांचं गणित वेगळं. खंबाटकीचा चढ पहिल्याच दिवशी येतो आणि तो सकाळच्या गारव्यातच संपवायचा. धर्मपुरी आणि सेलमच्या मधला तोप्पूर घाट उताराचा आहे. अवजड ट्रकांच्या अपघातांसाठी तो कुप्रसिद्ध आहे. तिथे प्रत्येकाने अंतर ठेवून एकेकट्याने उतरायचं, दोन्ही ब्रेक आलटून-पालटून वापरायचे आणि उतारावर कुणालाही ओलांडायचं नाही.

मुक्कामी

साडेचार-पाचपर्यंत पोचलात तर दिवस नीट गेला. लॉज ठरवताना एसीपेक्षा सायकली आत ठेवायला देतात का, हे आधी विचारा. नाहीतर कुलूप लावून, एकमेकींत साखळी अडकवून जिन्याखाली ठेवा, आणि दिवे, मीटर, पंप काढून खोलीत न्या.

मग क्रम ठरलेला: आंघोळ, कपडे धुणं, चेन. कपडे पिळून कोरड्या टॉवेलात गुंडाळा आणि त्यावर उभे राहा. पंख्याखाली सकाळपर्यंत वाळतात. चेन फडक्याने पुसून प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब, जास्तीचं पुन्हा पुसायचं. तेलाने निथळणारी चेन दिवसभर धूळ गोळा करते. टायरवरून हात फिरवून काचा-तारा काढा. त्या दहा मिनिटांत उद्याचं एखादं पंक्चर वाचतं.

जेवायच्या आधी पंधरा मिनिटांची बैठक घ्या. उद्याचं अंतर, थांबे, निघायची वेळ, आणि आज कुणाला काय खटकलं. खटकलेलं तिथेच बोलून टाकायचं. चौथ्या दिवसापर्यंत दाबून ठेवलेली कुरबुर पुढे मदुराईत भांडण होऊन निघते. खर्चाला वर्गणी काढा आणि एकच खजिनदार नेमा. प्रत्येक चहाचा हिशेब बारा फोनवरून करत बसलात तर थांबे लांबतात. सुटे पैसे मात्र ठेवा, शहाळेवाल्याकडे नेमकी रेंज नसते.

साडेनऊला दिवे बंद. खोल्या वाटताना घोरणारे सगळे एका खोलीत टाका. त्यांना आपसात त्रास होत नाही आणि बाकीच्यांना झोप मिळते. खोलीत प्लग दोनच असतात, त्यातला एक पलंगामागे. चार तोंडांचा एक एक्स्टेंशन बोर्ड सामानात असू द्या, आणि फोनच्या आधी मागचे लाल दिवे चार्जिंगला लावा.